रविवर्मा : राजवाड्यातून आपल्या देवघरात

परवा दुपारी कामं आटोपून टीव्ही लावला, तर ‘रंगरसिया’ लागलेला. केतन मेहता यांचा हा चित्रपट रणजित देसाईंच्या ‘राजा रविवर्मा’ या कादंबरीवर बेतलेला आहे. २००८ मध्ये तो परदेशातल्या महोत्सवात दाखवला गेला, पण आपल्याकडच्या चित्रपटगृहांत यायला त्याला २०१४ साल उजाडलं. रणदीप हुडा झालाय रविवर्मा. रंगांची उधळण आहे, प्रेम आहे, कोर्टकचेरी आहे. सिनेमा म्हणून बघायला छान. पण मैत्रिणींनो, माझं मन रेंगाळलं ते निराळ्याच ठिकाणी. एवढा मोठा कलावंत, आणि आपल्या चित्रामागे पैसा उभा करणारं कुणीतरी भेटावं म्हणून त्याला किती उंबरे झिजवावे लागले! कादंबरी ती कादंबरी आणि सिनेमा तो सिनेमा. म्हणून मग वाचनालयातून पुस्तकं आणून त्यांचं खरं आयुष्य वाचून काढलं. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा. गाव किलिमानूर, केरळातलं, म्हणजे तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानातलं. नावामागे ‘राजा’ लागतं म्हणून आपल्याला वाटतं की ते कुठल्यातरी गादीवर बसले असतील. तसं काही नव्हतं. त्यांचं घराणं जहागीरदाराचं, आणि त्रावणकोरच्या राजघराण्याशी पिढ्यान्‌पिढ्यांची सोयरीक असलेलं. घरात विद्या भरपूर. वडील संस्कृतचे पंडित. आई उमांबा कवयित्री. ‘पार्वती स्वयंवरम’ नावाचं काव्य तिनं रचलं होतं, आणि तिच्या माघारी रविवर्म्यांनी ते छापून घेतलं. घर चालायचं आईकडच्या वंशावर. मुलं आईच्या घरची आणि घरातला कर्ता पुरुष म्हणजे मामा. हे मामा स्वतः चित्रं काढत. लहानगा रवी कोळशानं भिंती रंगवायचा म्हणून नोकरमाणसं वैतागायची आणि मामांनी मात्र त्या रेघोट्यांतली ताकद ओळखली, असं सांगतात. आपल्या घरी पोरानं भिंत रंगवली की आपण काय करतो, ते आठवून बघा!

चौदाव्या वर्षी, १८६२ मध्ये, मामांनी त्याला तिरुअनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्यासमोर नेऊन उभं केलं. हा रविवर्म्यांचा पहिला आश्रयदाता. महाराज कलेचे शौकीन. त्यांनी मुलाला राहायला जागा दिली, राजवाड्यातली चित्रं आणि पुस्तकं बघायची मोकळीक दिली. पण एक गोष्ट महाराजांनाही देता येईना. ती म्हणजे तैलरंगांची विद्या. तेव्हा तेलात कालवलेले विलायती रंग आपल्याकडे नवीनच होते. ते कसे मिसळायचे, कॅनव्हासवर कसे चढवायचे हे ज्याला येई तो ते कुणाला सांगत नसे. दरबारी चित्रकार रामस्वामी नायडू यांनी शिकवायला नकार दिला. त्यांचाच मदतनीस आरुमुगम पिल्लै रात्री गुपचूप येऊन थोडंफार दाखवून जाई, अशी हकिकत आहे. पुढे १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार महाराजांचं चित्र काढायला आला. तोही शिकवायला तयार नव्हता. फार आग्रह झाला तेव्हा फक्त शेजारी उभं राहून बघायची परवानगी मिळाली. एकलव्यच म्हणायचा! बघूनबघून जे डोळ्यांत साठलं, त्यावर रविवर्म्यांनी पुढची सगळी वाट काढली. नंतर त्यांनी महाराजांचं आणि राणीचं चित्र काढलं आणि महाराजांनी त्यांना ‘वीरशृंखला’ हा मानाचा सोन्याचा अलंकार दिला.

मधल्या काळात, १८६६ मध्ये, त्यांचं लग्न झालं. मावेलिक्कराच्या घराण्यातली भागीरथी अवघी बारा वर्षांची, हे अठराचे. तिची थोरली बहीण लक्ष्मीबाई ही त्रावणकोरची राणी. म्हणजे ही सोयरीकसुद्धा दरबाराच्या अंगणातलीच. भागीरथीबद्दल पुढे सांगते.

१८७० मध्ये रविवर्मा कोल्लूरच्या मूकांबिकेच्या दर्शनाला गेले. परतताना कालिकतला कृष्ण मेनन नावाच्या न्यायखात्यातल्या गृहस्थांनी आपल्या कुटुंबाचं चित्र काढून घेतलं आणि त्याचे पैसे दिले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तोवर राजाच्या मर्जीनं मिळत होतं ते बक्षीस. हा मोबदला होता. त्यांच्यासारख्या खानदानी घरात पैसे घेऊन चित्र काढणं कमीपणाचं मानत असणार. रविवर्म्यांनी मात्र ते उघडपणे केलं आणि जन्मभर केलं.

१८७३ मध्ये केसांत मोगऱ्याची वेणी माळणाऱ्या नायर स्त्रीचं त्यांचं चित्र मद्रासच्या प्रदर्शनात गेलं आणि सुवर्णपदक घेऊन आलं. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनातही त्याची वाहवा झाली. १८७६ मध्ये दुष्यंताला पत्र लिहिणारी शकुंतला आली. ते चित्र खुद्द मद्रासच्या गव्हर्नरांनी, ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी विकत घेतलं. (भगिनी निवेदितांना मात्र ही जमिनीवर पालथी पहुडलेली शकुंतला मुळीच आवडली नव्हती. थोर माणसांचंही पटत नाही कधी कधी!)

सगळं छान चाललंय असं वाटत असतानाच १८८० मध्ये महाराज आयिल्यम तिरुनाळ वारले. गादीवर आले त्यांचे धाकटे भाऊ विशाखम तिरुनाळ. त्यांचं आणि रविवर्म्यांचं जमेना. आश्रय म्हणजे काय ते इथे कळतं बघा. कला तीच, हात तोच, कौतुक करणारे लोकही तेच. पण खुर्चीवरचा माणूस बदलला आणि दार बंद झालं. रविवर्म्यांनी तिरुअनंतपुरमवरची भिस्त सोडली आणि बाहेर बघायला सुरुवात केली.

इथे आपल्या मराठी माणसांचा संबंध येतो. टी. माधवराव हे नाव तुम्ही ऐकलं असेल. तंजावरकडच्या मराठी कुटुंबातले हे गृहस्थ आधी त्रावणकोरचे दिवाण होते आणि पुढे बडोद्याचे दिवाण झाले. बडोद्याच्या गादीवर तेव्हा सयाजीराव गायकवाड होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, महाराणी जमनाबाईंनी १८७५ मध्ये दत्तक घेतलेला. १८८१ च्या डिसेंबरात त्यांच्या हाती राज्यकारभार आला. त्या निमित्तानं माधवरावांनी रविवर्म्यांना बडोद्याला बोलावून घेतलं आणि गायकवाड घराण्यातल्या मंडळींची चित्रं काढवून घेतली. केरळातला चित्रकार, तंजावरचा मराठी दिवाण आणि नाशिककडचा महाराजा. योग कसे जुळून येतात!

सयाजीरावांचं खरं मोठं काम आलं ते १८८८ मध्ये. बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाडा उभा राहत होता. त्यासाठी रामायण, महाभारत आणि पुराणांतल्या प्रसंगांची चौदा मोठी चित्रं हवी होती. मोबदला ठरला पन्नास हजार रुपये. त्या काळचे हं! रविवर्मा आणि त्यांचे धाकटे भाऊ राजराज वर्मा दोघंही कामाला लागले. हा भाऊ म्हणजे त्यांचा उजवा हात. स्वतः उत्तम चित्रकार, निसर्गदृश्यांत तर तरबेज. पण जन्मभर थोरल्याच्या मागे उभा राहिला. पत्रव्यवहार, हिशेब, प्रवासाची व्यवस्था तोच बघायचा.

आता गंमत ऐका. चौदा चित्रं काढायची, पण सीता, दमयंती, द्रौपदी नेसणार काय? केरळातल्या बायकांचा वेष निराळा, बंगालमध्ये निराळा, राजस्थानात घागरा. साऱ्या देशाला आपली वाटेल अशी सीता दाखवायची कशी? दोघं भाऊ त्यासाठी उत्तर हिंदुस्थानभर हिंडले. देवळं पाहिली, लेणी पाहिली, माणसं पाहिली. आणि शेवटी निवडली साडी. त्यांच्या कितीतरी पौराणिक नायिका आपल्या मराठमोळ्या पद्धतीनं साडी नेसलेल्या दिसतात. काठ, पदर, निऱ्या, सगळं इतकं नेमकं की हात लावून पोत बघावासा वाटतो. आज देवी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साडीतलीच देवी येते. त्याला हा दोघा भावांचा प्रवास बराचसा कारण आहे.

१८९० मध्ये चित्रं पूर्ण झाली. ती लोकांना बघायला ठेवली तेव्हा गर्दी लोटली. ज्यांना राजवाड्याच्या आत पाऊल ठेवायची सोय नव्हती असे लोक रांगेनं येऊन बघत होते. चित्रं पुढे राजवाड्यात गेली, पण ती गर्दी रविवर्म्यांच्या मनातून गेली नसावी. कारण माधवरावांनी १८८४ मध्येच त्यांना पत्रातून एक गोष्ट सुचवून ठेवली होती. तुमच्या चित्रांना देशभरातून मागणी आहे, दोन हात किती जणांना पुरणार, तेव्हा ती युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढून घ्या, असा त्या सल्ल्याचा भावार्थ होता. रविवर्म्यांनी त्यापुढची उडी मारली. छपाईसाठी युरोपला पाठवण्याऐवजी यंत्रं आणि जर्मन कारागीरच इकडे आणायचे ठरवलं.

१८९४ मध्ये मुंबईत त्यांचा शिळाछापखाना सुरू झाला. गोवर्धनदास खटाव मखनजी या व्यापाऱ्याची भागीदारी होती. पहिलं चित्र छापलं गेलं शकुंतलेच्या जन्माचं. ही छपाई म्हणजे सोपं काम नव्हे. चित्रातल्या प्रत्येक रंगासाठी वेगळी दगडी शिळा तयार करायची आणि एकच कागद एकामागून एक शिळांवर असा दाबायचा की रेघ रेघेवर बसली पाहिजे. केसभर कागद सरकला की देवीचं कुंकू गालावर! शेवटी वरून चकाकी द्यायची, म्हणजे ते तैलचित्रासारखं दिसायचं.

आणि मग तुमच्या-माझ्या पणजीच्या भिंतीवर लक्ष्मी आली. कमळावर उभी, चार हातांची, शेजारी सोंडेत हार घेतलेला हत्ती. वीणा घेतलेली सरस्वती आली. ती मूळ चित्रं १८९६ ची, बडोद्याच्या संग्रहातली. तोवर देव बघायचा तर देवळात जायला हवं. देवळाची पायरी ज्यांना चढू दिली जात नव्हती, त्यांनी कुठे बघायचा? आता बाजारातून आणलेली तसबीर कुणाच्याही घरात लागू शकत होती. बायकांनी तर या चित्रांना आणखीच आपलंसं केलं. चित्रातल्या साडीवर खरीखुरी जर, टिकल्या, मणी शिवून, कापड चिकटवून त्या तसबिरी नटवल्या. अशी एक जुनी तसबीर आमच्या बचत गटातल्या एका मावशींकडे मी पाहिली आहे. सरस्वतीच्या पदराला खरी जर आणि गळ्यात बारीक मोत्यांची माळ. मावशींच्या आजेसासूबाईंनी दुपारच्या वेळी बसून केलेलं काम. चित्राखाली रविवर्म्यांचं नाव आहे, आजेसासूबाईंचं नाही.

भागीरथीचंही नाव तसंच कुठे फारसं येत नाही. रविवर्मा गावोगाव, दरबारोदरबारी फिरत होते तेव्हा ती मावेलिक्कराला आपल्या माहेरघरीच होती. त्यांच्या रिवाजाप्रमाणे बायको नवऱ्याच्या घरी जात नसे. दोन मुलगे, तीन मुली. नवरा येणार म्हणजे पाहुण्यासारखा यायचा आणि पुन्हा निघायचा. १८९१ मध्ये ती वारली, तेव्हा तिशीतच होती. रविवर्म्यांचं १८९३ चं एक चित्र आहे. त्यात त्यांची मोठी मुलगी महाप्रभा बाळाला कडेवर घेऊन दाराकडे बोट दाखवते आहे. नाव काय, तर बाबा आले! मी ते चित्र बराच वेळ बघत बसले. ज्या मुलीनं लहानपणी आपल्या बाबांची वाट किती पाहिली असेल, तिलाच त्यांनी या चित्रात उभं केलं. थोरला मुलगा केरळ वर्मा तर पुढे व्यसनात वाहवत गेला. धाकटा राम वर्मा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून चित्रकार झाला.

आणि बहीण मंगलाबाई? तीही उत्तम चित्रं काढायची. रविवर्म्यांचं तिनं काढलेलं तैलचित्र प्रसिद्ध आहे. घर तेच, मामा तेच, रंग तेच. पण भावांसारखी पेटी उचलून ती बडोद्याला, उदयपूरला जाऊ शकत होती का? आश्रयदाता शोधायला आधी घराबाहेर पडावं लागतं. तिची चित्रं फार लोकांपर्यंत पोचलीच नाहीत.

१८९३ मध्ये रविवर्म्यांची दहा चित्रं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात गेली आणि त्यांना पदकं मिळाली. स्वामी विवेकानंद शिकागोला गेले तेच हे वर्ष. मान वाढत होता, पण छापखाना मात्र पैसा खात होता. यंत्रं, जर्मन कारागिरांचे पगार, कागद. त्यातच १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसं शहर सोडून पळू लागली. भागीदारीही टिकली नाही. शेवटी छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. पुण्याहून लोकलनं लोणावळ्याला जाताना शेवटून दुसरं स्टेशन लागतं ना, तेच मळवली. कार्ल्याची एकवीरा तिथून जवळच. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ काढणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनीही या छापखान्यासाठी काम केलं होतं.

कर्ज फेडायचं म्हणजे पुन्हा दरबार आलेच. १९०१ मध्ये उदयपूरला जाऊन महाराणा प्रतापांचं चित्र काढलं. १९०२ मध्ये दोघं भाऊ हैदराबादला गेले. प्रसिद्ध छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्याकडे उतरले. निजामाचं काम मिळेल अशी आशा होती. राजराज रोजनिशी लिहीत असत, त्यामुळे हे दिवस कसे गेले ते आपल्याला कळतं. नुसती वाट बघणं. आज बोलावतील, उद्या बोलावतील. बोलावणं काही आलं नाही आणि हात हलवत परतावं लागलं. वयाची पन्नाशी उलटलेली, देशभर नाव झालेलं, घराघरांत चित्रं लागलेली, तरीही!

हे वाचताना मला आमचे दिवस आठवले. मुलींच्या वसतिगृहासाठी देणगी मागायला आम्ही चौघी-पाचजणी एका बड्या घरी गेलो होतो. दोन तास ओसरीवर बसवलं, पाणीही विचारलं नाही, आणि मग साहेब बाहेरगावी गेल्याचा निरोप आला. गाडी तर दारातच उभी होती! शेवटी वसतिगृहाच्या गाद्या आल्या त्या भाजीवाल्या, शिक्षिका, धुणीभांडी करणाऱ्या बायका यांनी दिलेल्या वीस-वीस, पन्नास-पन्नास रुपयांतून. त्यामुळे हैदराबादच्या त्या मुक्कामाबद्दल कुणी वेगळं समजावून सांगायची मला गरज पडली नाही.

रविवर्म्यांचं दुःख असं की ज्या सामान्य माणसांनी त्यांची चित्रं डोक्यावर घेतली, त्यांच्या पैशानं छापखान्याचं कर्ज काही फिटलं नाही. इतर लोक त्यांच्या चित्रांच्या नकला करून स्वस्तात विकत होते, त्यांना आवरणार कोण? अखेर छापखाना फ्रिट्झ श्लायशर या त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला, आणि चित्रं छापायचे हक्कही त्याच्याबरोबर गेले. जाणकार म्हणवणारे टीकाही करत होते, की ही चित्रं फार विलायती, फार नाटकी, फार बाजारी. थोडं खरंही असेल. त्यांच्या देव्या सगळ्या गोऱ्यापान आणि खात्यापित्या घरच्या, हे मलाही खटकतं. शेतात राबणारी, उन्हानं रापलेली बाई लक्ष्मी म्हणून त्यांनी काही रंगवली नाही. पण बाजारी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी त्या तसबिरीपुढे सकाळी दिवा लावणाऱ्या बाईला एकदा विचारायला हवं होतं.

१९०४ मध्ये इंग्रज सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. म्हैसूरच्या महाराजांकडून नऊ पौराणिक चित्रांचं मोठं काम आलं. पण १९०५ च्या जानेवारीत राजराज गेले. चाळीस वर्षांची सावली गेली. मधुमेहानं रविवर्म्यांचं शरीर आधीच पोखरलं होतं. तरी त्यांनी म्हैसूरची चित्रं पूर्ण केली आणि ते किलिमानूरला परतले. तिथेच २ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी डोळे मिटले. वय अठ्ठावन्न.

त्याआधी, १९०० मध्ये, भागीरथीच्या थोरल्या बहिणीनं रविवर्म्यांच्या दोन नाती दत्तक घेतल्या होत्या. त्यांच्यातली एक, सेतु लक्ष्मीबाई, १९२४ ते १९३१ या काळात त्रावणकोरचा कारभार बघत होती. आजोबांना ज्या दरबाराचं दार एकदा बंद झालं होतं, तिथे नात बसली!

मळवलीचा छापखाना श्लायशर आणि त्याच्या नंतरच्या लोकांनी पुढे कितीतरी वर्षं चालवला. देवादिकांच्या तसबिरींबरोबर जाहिराती आणि काड्यापेट्यांवरची लेबलंही तिथे छापली गेली. १९७२ मध्ये तिथे मोठी आग लागली आणि छापखान्याचं बरंच काही त्यात जळून गेलं. तुमच्या घरी माळ्यावर एखादी जुनी लाकडी चौकटीतली लक्ष्मी असेल तर ती खाली काढा, मऊ कोरड्या फडक्यानं काच पुसा आणि खालच्या कडेला बारीक अक्षरांत काय छापलंय ते वाचा. जर-टिकल्या शिवलेल्या असतील तर त्या कुणाच्या हातच्या, तेही घरातल्या म्हाताऱ्या माणसाला लगेच विचारून घ्या.